टक्कर झाली म्हणून जाग आली?

अवकाशातल्या बातम्या आपल्यापर्यंत कशा पोचतात ते एकदा बघा. दोन दीर्घिकांचा झगमगता फोटो. निळ्या-तांबूस रंगाच्या लांबच लांब शेपट्या. वर मथळा - 'अंतराळात महाभयंकर टक्कर, राक्षसी कृष्णविवर जागे झाले!' खाली चार ओळी, त्यातली एक हमखास 'शास्त्रज्ञही चक्रावले' अशी. मग तो फोटो सगळ्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर फिरतो, कुणीतरी त्यावर 'शुभ सकाळ' चिकटवतं आणि विषय संपतो.

माझी तक्रार फोटोबद्दल नाही. फोटो भारीच असतात. तक्रार अशी आहे की त्या मथळ्यात एक 'म्हणून' दडलेला असतो. टक्कर झाली 'म्हणून' कृष्णविवर जागं झालं. आणि या एवढ्याशा 'म्हणून'वर जगभरचे खगोलशास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षं कडाकडा भांडतायत, हे आपल्याला कुणी सांगतच नाही. खरं तर ते भांडण फोटोपेक्षा जास्त रंगतदार आहे. आणि माझं असं ठाम मत आहे की आपल्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्यांनी तर ते समजून घ्यायलाच हवं, कारण नेमक्या याच जातीचं भांडण आपण हापिसात दर महिन्याला करतो आणि फार वाईट पद्धतीने करतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. माहीतगारांनी पुढचे तीन-चार परिच्छेद गाळले तरी चालतील.

जवळपास प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मधोमध एक अवाढव्य कृष्णविवर असतं. आपल्या आकाशगंगेतलं सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचं आहे. त्याच्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून ज्यांनी हे दाखवलं, त्या राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेआ गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं (अर्धं, उरलेलं अर्धं रॉजर पेनरोज यांना). मे २०२२ मध्ये त्याचा 'फोटो'सुद्धा आला, मेदूवड्यासारखा दिसणारा :) पण आपलं हे कृष्णविवर म्हणजे एकदम निवांत प्रकरण आहे. खायला फारसं नाही, त्यामुळे उजेडही नाही.

याउलट काही दीर्घिकांमधली कृष्णविवरं अक्षरशः तळपत असतात. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ नावाच्या एका 'ताऱ्या'चा वर्णपट तपासला आणि लक्षात आलं की हा तारा नव्हेच. दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही दूर असलेलं, आपल्या अख्ख्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी पट तेजस्वी असं काहीतरी आहे. यालाच पुढे क्वेसार म्हणायला लागले. आता कृष्णविवर स्वतः प्रकाश देत नाही हे शाळेपासून ऐकलेलं असतं. मग हा उजेड कुठला? तर आत पडता पडता एकमेकांवर घासून तापणाऱ्या वायूचा. सूर्यात हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवराकडे घरंगळणाऱ्या वायूतून साधारण १० टक्के निघू शकतो. विश्वात इतकं फायदेशीर इंजिन फार थोडं सापडेल.

पण इंजिन कितीही भारी असलं तरी पेट्रोल पोचायला हवं ना? खरी गोम इथेच आहे. आपल्या डोक्यात कृष्णविवर म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर असं चित्र बसलेलं आहे, आणि ते साफ चुकीचं आहे. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी गारठेल, पण आत खेचली जाणार नाही. आहे त्याच कक्षेत गुमान फिरत राहील. दीर्घिकेतल्या वायूचंही तसंच. तो मध्याभोवती गरगर फिरत असतो, आणि फिरतोय तोवर पडत नाही. जत्रेतला 'मौत का कुआँ' आठवतोय? मोटरसायकलवाला भिंतीला चिकटून राहतो तो वेगामुळे. त्याला खाली आणायचं तर आधी ब्रेक लावायला हवा. वायूला हा ब्रेक कोण लावणार, हा या सगळ्या विषयातला कळीचा प्रश्न.

आणि इथे टक्करवाली गोष्ट एन्ट्री घेते. गोष्ट इतकी सुंदर आहे की बस्स.

दोन दीर्घिका एकमेकींजवळ येतात. तारे काही एकमेकांवर आपटत नाहीत, त्यांच्यातली अंतरं फार मोठी असतात. पण गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत दोघींचा आकार बिघडतो, शेपट्या फुटतात, आणि वायूचे ढग मात्र खरोखर एकमेकांवर आदळतात. या गोंधळात वायूची फिरण्याची गती मारली जाते. लागला ब्रेक! वायू मध्याकडे घसरतो, तिथे धडाधड नवे तारे जन्मतात, आणि त्यातला थोडा वायू कृष्णविवरापर्यंत पोचून ते पेटतं. मग पेटलेलं कृष्णविवर उरलेला वायू उधळून लावतं, ताऱ्यांचा कारखाना बंद पडतो आणि मागे उरते एक शांत, म्हातारी, लालसर दीर्घिका. शेवटी दोन्ही कृष्णविवरंही एकमेकांत विलीन. लव्हस्टोरी, मारामारी, इंटरव्हल, शोकांत... सगळं आहे.

आणि ही नुसती कल्पना नव्हती बरं का. १९७२ मध्ये आलार आणि युरी तूमरे या भावांनी, त्या काळच्या कंप्यूटरवर, दीर्घिकांची टक्कर मांडून दाखवली आणि त्या लांब शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणातून तयार होतात हे सिद्ध केलं. अशा भानगडीत मध्याकडे इंधन पोचत असेल का, हा प्रश्नही त्यांनी तेव्हाच विचारून ठेवला होता. मग १९८३ मध्ये आयरास नावाचा अवरक्त किरण टिपणारा उपग्रह गेला. त्याला सूर्याच्या लाख कोटी पट ऊर्जा ओकणाऱ्या, पण साध्या दुर्बिणीतून तितक्याशा न उठून दिसणाऱ्या दीर्घिका सापडल्या. १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी अशा दहा दीर्घिका तपासल्या. जवळपास सगळ्या टक्कर झालेल्या! त्यांनी मांडलं की या म्हणजे धुळीत गुंडाळलेले, जन्माला येणारे क्वेसारच आहेत. २००५ मध्ये डी मातेओ, श्प्रिंगेल आणि हर्नक्विस्ट या तिघांनी 'नेचर'मध्ये ही सगळी गोष्ट, कृष्णविवरासकट, सिम्युलेशनमध्ये चालवून दाखवली.

मधल्या काळात, २००२ मध्ये, पोस्टरसुद्धा मिळालं होतं. एनजीसी ६२४०. भुजंगधारी तारकासमूहातली, ३० कोटी प्रकाशवर्षांपेक्षाही दूरची एक अस्ताव्यस्त दीर्घिका. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने (हो, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्याच नावाची) तिच्या पोटात डोकावलं तर एक नाही, दोन दोन तळपती कृष्णविवरं! एकमेकांपासून जेमतेम ३,००० प्रकाशवर्षांवर. २०१९ मध्ये तर तिथे तिसरं केंद्रकही असल्याचं समोर आलं. म्हणजे टक्कर आणि जागी कृष्णविवरं एकाच फ्रेममध्ये. आणखी काय पुरावा हवा?

हवा. बराच हवा.

कारण असं बघा. जागी कृष्णविवरं शोधायला गेलो आणि त्यातल्या काहींच्या घरी टक्कर झालेली दिसली, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ज्यांची कृष्णविवरं झोपलेली आहेत अशा, बाकी सगळ्या बाबतीत सारख्या दीर्घिकांमध्ये टकरींचं प्रमाण किती? ते जर तेवढंच निघालं, तर तुमचा 'म्हणून' गळून पडला.

२०११ मध्ये मॉरिसिओ सिस्टेर्नास आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं. मला हे संशोधन वाचताना जे आवडलं ते त्यांचं डोकं. हबलने घेतलेल्या चित्रांमधून त्यांनी जागी कृष्णविवरं असलेल्या १४० दीर्घिका घेतल्या आणि तुलनेला १२६४ झोपलेल्या. कुठली दीर्घिका विस्कटलेली दिसते हे दहा माणसांनी नुसत्या डोळ्यांनी ठरवायचं. पण यात एक घोळ आहे. जागं कृष्णविवर मधोमध लख्ख चमकतं, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळणार आणि त्याचं मत आपोआप झुकणार. मग या पठ्ठ्यांनी काय केलं, तर झोपलेल्या दीर्घिकांच्या मध्यातही खोटे ठिपके डकवले! सगळ्या चित्रांवर सारखेच संस्कार केले. आता ओळखा.

निकाल? जाग्या कृष्णविवरांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त दीर्घिकांमध्ये मोठ्या ओढाताणीची खूणच नव्हती. उरलेल्यांत होती, पण झोपलेल्या दीर्घिकांमध्येही ती जवळपास त्याच प्रमाणात होती. पुढच्याच वर्षी डेल कोचेव्स्की आणि इतरांनी आणखी दूरच्या, म्हणजे आणखी जुन्या काळातल्या दीर्घिकांवर असंच मोजमाप केलं, आणि साधारण असंच उत्तर आलं. इतकी वर्षं सांभाळलेली देखणी गोष्ट, आणि तुलनेच्या एका तक्त्यापुढे तिची ही अवस्था.

इथे मी जरा हापिसात शिरतो, कारण माझं खरं म्हणणं इथूनच सुरू होतं.

माझ्या आधीच्या नोकरीतली गोष्ट. एका रात्री प्रॉडक्शनवर पेमेंटचा बॅच जॉब लटकला. त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एका ज्युनियर मुलीचं छोटंसं रिलीज गेलेलं. सकाळी रूट कॉज अ‍ॅनालिसिसची मीटिंग भरली, आणि दहा मिनिटांत निकाल लागला: रिलीज झालं म्हणून जॉब पडला. स्लाइड तयार, टाइमलाइन तयार, बाण काढून तयार. गोष्ट अगदी फिट बसत होती. गेल्या तीन महिन्यांत रिलीज होऊनही जॉब नीट चालला अशा रात्री किती, आणि रिलीज नसतानाही तो रखडला अशा किती, हा दोन मिनिटांचा हिशोब त्या खोलीत कुणी मांडला नाही. आठवड्याभराने डेटाबेसवाल्या एका काकांनी जुने लॉग काढले. जॉब दर महिनाअखेरीला रखडतच होता. रिलीज असो वा नसो. दुसऱ्याच एका टीमचं काम त्याच वेळेला त्याच टेबलवर बसायचं. स्लाइड दुरुस्त झाली. त्या मुलीचं मधल्या काळात लागलेलं रेटिंग मात्र तसंच राहिलं.

म्हणजे 'म्हणून' हा शब्द स्वस्त नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजतं. आणि तो शब्द वापरण्याआधी बाराशे चौसष्ट झोपलेल्या दीर्घिका मोजायची शिस्त ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून आपण ही एक गोष्ट तरी उचलावी.

पण थांबा, भांडण संपलेलं नाही. इथवर वाचून 'म्हणजे टकरीची थिअरी बोगस' असं म्हणून लॅपटॉप मिटलात तर तुम्हीही त्याच मीटिंगमध्ये जाऊन बसलात!

दुसऱ्या बाजूने मुद्दा आला तो असा. टकरीत वायू मध्याकडे जातो हे तुम्हाला मान्य आहे ना? मग वायूबरोबर धूळही जाते. म्हणजे कृष्णविवर सगळ्यात जोरात जेवत असेल तेव्हाच ते सगळ्यात जाड पडद्याआड असणार. साधा प्रकाश अडणार, कमी ऊर्जेचे क्ष-किरणही अडणार. तुम्ही तर शोध घेताय त्याच किरणांतून. म्हणजे ज्या केसेस सगळ्यात महत्त्वाच्या, त्याच तुमच्या यादीत येणार नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर इतका लोडखाली आहे की लॉग लिहायलाच त्याला सवड नाही, आणि आपण म्हणतोय 'लॉगमध्ये एरर नाही, म्हणजे सगळं आलबेल'.

मग खिडकी बदलली. तापलेली धूळ अवरक्त किरणांत चमकते, म्हणून शोबिता सत्यपाल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वाइज या उपग्रहाची अवरक्त निरीक्षणं घेतली आणि जवळ येत चाललेल्या जोड्या तपासल्या. दीर्घिका जसजशा जवळ, तसतशी जागी कृष्णविवरं जास्त. आणि नुकत्याच विलीन झालेल्या दीर्घिकांमध्ये तर हे प्रमाण एकट्यादुकट्या दीर्घिकांच्या दहापटीहूनही वर गेलेलं. २०१८ मध्ये मायकेल कॉस आणि सहकाऱ्यांनी आणखी एक खिडकी उघडली. धुळीतून आरपार येणाऱ्या जास्त ऊर्जेच्या क्ष-किरणांवरून त्यांनी कृष्णविवरं निवडली आणि हवाईतल्या केक दुर्बिणीतून अवरक्त प्रकाशात त्यांच्या मध्याचे बारीक फोटो काढले. पडद्याआडच्या तेजस्वी कृष्णविवरांपैकी १७.६ टक्के ठिकाणी दोन केंद्रकं विलीन होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, दहाएक हजार प्रकाशवर्षांच्या आत आलेली दिसली. झोपलेल्या, तशाच वजनाच्या दीर्घिकांत हा आकडा १.१ टक्के.

१७.६ विरुद्ध १.१. हा फरक योगायोगाने येत नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजूही वाचा: ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी असली काही भानगड नाही. म्हणजे टक्कर झाली तर जाग येण्याची शक्यता खूप वाढते, पण जाग आली याचा अर्थ टक्कर झाली असा नाही. ही दोन वेगळी वाक्यं आहेत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रोबॅबिलिटीच्या पेपरात आपण हेच घोकून पास झालो होतो. नंतर नोकरी लागली आणि विसरलो.

याच्यात आणखी एक त्रांगडं आहे, वेळेचं. दोन दीर्घिका विलीन व्हायला शंभर कोटी वर्षांच्या हिशोबात वेळ लागतो. कृष्णविवराचं जेवण मात्र सलग नसतं. ते पेटतं, विझतं, परत पेटतं, आणि एकेक पाळी लाखभर वर्षांची असू शकते असा अंदाज आहे. तीन तासांचा सिनेमा घ्या आणि त्यात जेमतेम एक सेकंद दिवा लागतो असं समजा. तुम्हाला सिनेमातला एकच स्थिर फोटो बघायला मिळणार आहे. दिवा बंद दिसला म्हणून तो कधी लागलाच नव्हता असं कसं म्हणाल? याचा एक झकास नमुना २००७ मध्ये सापडला. गॅलेक्सी झू नावाच्या प्रकल्पात सामान्य लोक घरबसल्या दीर्घिकांचे फोटो वर्गवार लावत असत. त्यात हान्नी फान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र चमकता ढग दिसला. त्या ढगाला उजळवणारं कृष्णविवर आता बरंच मंदावलंय, पण त्याचा जुना उजेड ढगावर अजून पोचतोय. खोलीतला दिवा विझल्यावरही समोरच्या भिंतीवर उजेड दिसावा तसं.

आणि शेवटचा मुद्दा, कृष्णविवरांचीही वर्गवारी असते. अनेक कृष्णविवरं नुसती अधूनमधून चणे-फुटाणे खात असतात. त्यांना टकरीची गरज नाही. दीर्घिकेतला एखादा पट्टा, वाट चुकलेला एखादा ढग, एवढं पुरतं. आयुष्यात कधी मोठी टक्कर झाल्याची खूण नसलेल्या चपट्या दीर्घिकांमध्येही चांगली गलेलठ्ठ कृष्णविवरं सापडलेली आहेत. पण क्वेसारसारखं पंचपक्वान्नांचं ताट हवं असेल तर कदाचित टक्करच लागते. 'कदाचित' म्हणायचं कारण, याच्या विरोधातही निरीक्षणं आहेत आणि वाद चालू आहे.

आपली माणसंही या शोधात आहेत, हेही मथळ्यांत क्वचितच येतं. २०२१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या ज्योती यादव, मौसुमी दास, सुधांशू बारवे आणि त्यांच्या फ्रेंच सहकारी फ्राँस्वाज कोंब यांनी एनजीसी ७७३३ आणि ७७३४ या भिडलेल्या जोडीचा अभ्यास केला. अ‍ॅस्ट्रोसॅट या आपल्या उपग्रहावरच्या (२०१५ मध्ये सोडलेल्या) अतिनील दुर्बिणीच्या चित्रात एका दीर्घिकेच्या हातात एक गाठ दिसत होती. तिची गती जुळेना. तपासलं तर ती गाठ नव्हतीच, स्वतंत्र तिसरी दीर्घिका होती! आणि तिघींचीही कृष्णविवरं जागी. एक सुंदर शोध. पण लक्षात घ्या, सुंदर असलं तरी हे एकच उदाहरण आहे. एनजीसी ६२४० सारखंच. उदाहरणाने रस्ता दिसतो, प्रमाण कळत नाही.

दुसरं काम तर अगदी आपल्या अंगणातलं. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ, खोडदला, जीएमआरटीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. तिथून स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षं मोजले जातात. दोन प्रचंड कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना ज्या गुरुत्वीय लहरी निघतात त्यांच्या एकेका लाटेला काही वर्षं लागतात. त्या लहरींमुळे हे ठोके किंचित पुढेमागे व्हायला हवेत. जून २०२३ मध्ये अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनी अशा लहरींच्या मंद गुणगुणण्याचे पुरावे जाहीर केले, आणि युरोपच्या गटाच्या विश्लेषणात आपल्या जीएमआरटीची निरीक्षणं होती. (हिंगोलीजवळ औंढ्याला होणारी लायगो-इंडिया वेगळी. ती ताऱ्यांएवढ्या छोट्या कृष्णविवरांच्या लहरी ऐकणार.) ही गुणगुण खरोखर विलीन झालेल्या दीर्घिकांमधल्या कृष्णविवरांच्या जोड्यांचीच आहे का? तसं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त मानतात, पण शिक्कामोर्तब झालेलं नाही. मला यातली गंमत ही वाटते की इथे धूळ आड येत नाही, आणि कृष्णविवर जागं असायचीही गरज नाही. पूर्णपणे नवी खिडकी.

आता कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? सामान्य वाचकाला 'टक्कर झाली, कृष्णविवर जागं झालं' एवढं पुरे. त्यात चूक तरी काय आहे?

मला हा युक्तिवाद पटत नाही. एक तर तो वाचकाला कमी लेखतो. क्रिकेटच्या एका नो-बॉलवर तासभर वाद घालणारी, फंडांच्या परताव्याचे तक्ते तपासणारी माणसं आपण. 'तुलना कशाशी केली?' हा प्रश्न आपल्याला झेपत नाही असं मानायचं कारण नाही. दुसरं म्हणजे, नुसतं उत्तर सांगितलं की ते बदलल्यावर लोकांचा विज्ञानावरचा विश्वासच उडतो. आपल्या आकाशगंगेचंच घ्या. शेजारची देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवरून आपल्या दिशेने येतेय. २०१२ मध्ये जाहीर झालं की सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर नक्की. मग २०२५ मध्ये टिल सावाला आणि सहकाऱ्यांनी मोठा मॅगेलॅनिक मेघ आणि मोजमापांतल्या त्रुटी धरून हिशोब पुन्हा मांडला, तर पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता साधारण ५० टक्के निघाली. छापा-काटा! ज्यांनी फक्त मथळे वाचले होते ते म्हणाले, 'बघा, यांना काही कळत नाही.' ज्यांना आधीचा हिशोब कसा केला होता हे माहीत होतं, त्यांना यात काहीच नामुष्की दिसली नाही. नवा डेटा आला, उत्तर सुधारलं. आपण याला बग-फिक्स म्हणतो आणि त्याबद्दल पगार घेतो :)

म्हणून माझं मत थोडक्यात असं. या टक्कर-प्रकरणात मला कुठल्याही एका बाजूचा विजय महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचं हे वाटतं की एका अतिशय देखण्या गोष्टीला लोकांनी आवडीपोटी माफ केलं नाही, आणि एका चाचणीत ती नापास झाली म्हणून घाईने कचऱ्यातही टाकली नाही. चाचणीच तपासली. आपल्याकडे पहिली अर्धी गोष्ट फार थोडे लोक करतात आणि दुसरी तर जवळपास कुणीच नाही.

पुढच्या वेळी असा झगमगता फोटो आला, किंवा सोमवारी सकाळी कुणी बाण काढलेली स्लाइड समोर ठेवली, तर दोन प्रश्न विचारून बघा. जिथे हे घडलं नाही ती ठिकाणं मोजलीत का? आणि जिथे घडूनही आपल्याला दिसलं नसतं, अशी ठिकाणं कुठली? मीटिंग अर्धा तास लांबेल, हे खरं. पण कुणाचं तरी रेटिंग वाचेल.

असो. रविवार संपत आला, इस्त्रीचे कपडे आणायचेत.

ता.क. - देवयानी दीर्घिका बघायला दुर्बीण लागतेच असं नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून लांब गेलात तर रात्री डोक्यावर एक पुसट, लांबट धुरकट ठिपका दिसतो. साधी द्विनेत्री असेल तर फारच छान. त्या ठिपक्याच्या मधोमध दहा कोटी सूर्यांहून जड कृष्णविवर आहे, आणि तेही आपल्यासारखंच सध्या झोपलेलं. टक्कर होईल की नाही हे ठरायला अजून भरपूर वेळ आहे, तोवर बघून घ्या.